काच शाबूत आहे का?

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं यजमानाच्या तोंडाकडे बघतात. आमचे सर आधी छताकडे बघायचे. मग चारही कोपऱ्यांकडे, मग दारावरची भिंत पेलणाऱ्या लिंटेलकडे. तोवर 'या, बसा' म्हणून यजमान थकलेला असायचा. बसायचं कुठे हेही सर स्वतःच ठरवत. सरांना वास्तुशांतीच्या जेवणाला बोलावणं म्हणजे आपल्याच आनंदावर विरजण घालून घेणं, असं जालन्यात अनुभव घेतलेले सगळे म्हणत, आणि तरीही बोलावत. कारण न बोलावता घर पडलं तर?

माझ्या साखरपुड्याला ते आले ते अंबड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. मी आणि होणारी बायको स्टेजवर, समोर पाहुणे, आणि सर गॅलरीखाली मान वर करून उभे. थोड्या वेळाने ते माझ्या सासऱ्यांकडे गेले आणि ओळखदेख नसताना म्हणाले, "ही बायामाणसं जरा पुढं घ्या जल्दी. वरच्या गॅलरीला तडा हाये." सासऱ्यांनी घाबरून झाडून सगळ्या बायकांना ताटांवरून उठवलं. माझ्या चुलतसासूबाईंनी ते अजून विसरलेलं नाही. ती गॅलरी आजही तिथेच आहे. त्या रस्त्याने जाताना मी न चुकता आत डोकावतो. सरांनी लावून दिलेला रोग आहे, दुसरं काय.

ते शिकवायचे ते आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात. शहराबाहेर, एमआयडीसीच्या अलीकडे, एका शिक्षण संस्थेने काढलेलं हे छोटं कॉलेज. पुण्या-मुंबईला ज्यांना परवडत नाही, त्यांची पोरं इथे येतात. मी तिथेच शिकलो आणि पुढे तिथेच तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. सर बांधकाम शिकवत. खरं सांगायचं तर ते भीती शिकवत. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला बाकीचे मास्तर पोरांना जगातल्या मोठमोठ्या इमारती दाखवतात. हे म्हणायचे, "घरी जा, आईला इचारा, तुला घरातल्या कोणत्या जागेची भीती वाटते. ती जागा काढून आणा."

पोरं हसत हसत घरी जायची आणि गप्प होऊन परत यायची. टेंभुर्णीच्या एका मुलीने मातीच्या माळवदाखालचा न्हाणीचा कोपरा काढून आणला होता. रोलिंग मिलमध्ये कामाला जाणाऱ्या बापाच्या पोराने भाड्याच्या खोलीचे पत्रे काढले होते, आणि पत्र्यांवर ठेवलेले दगडही. मी आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत काढली होती. आईला वाटायचं, ती एक दिवस चुलीवर येणार. सरांनी माझं चित्र बराच वेळ पाहिलं, मार्क दिले नाहीत, आणि पुढच्या रविवारी एसटीने थेट आमच्या घरी हजर झाले. शबनम पिशवीतून काचेची एक पातळ पट्टी काढली आणि त्या तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं चुन्यात पक्की केली.

ही काचपट्टी म्हणजे सरांची खूण. त्यामागचं गणित साधं. तडा जुना असेल, भिंत थांबलेली असेल, तर काच तशीच राहते. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. काचेला भिंतीसारखं सहन करता येत नाही. अशा पट्ट्या सरांनी गावभर लावून ठेवल्या होत्या. कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीमागच्या भिंतीला होती, प्राचार्यांच्या केबिनमध्ये होती, ते दाढी करायला जायचे त्या दुकानातही आरशाशेजारी होती. टपरीवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "सर, काच शाबूत हाये! बिनधास्त बसा!" आमच्या घरी आई रोज बाबासाहेबांचा फोटो पुसायची आणि त्याच फडक्याने सरांची काच. ती भिंत काही पडली नाही, पण आईची रात्रीची झोप मात्र काच लावल्यापासून सुधारली.

सरांच्या तोंडी एकच वाक्य ठरलेलं होतं, "पावसाळा जाऊ दे." नोकरी लागली, पेढे नेले, तर "अभिनंदन. पावसाळा जाऊ दे, मंग बघू." एका शिपायाला मुलगा झाला तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि तो बिचारा आठवडाभर पोराच्या पाळण्यावरच्या आढ्याकडे बघत होता. मी मूळचाच घाबरट. परीक्षेला जाताना हॉलतिकीट पुन्हा पुन्हा चाचपणारा. त्यात असा गुरू मिळाला. दुष्काळात तेरावा महिना तो हाच.

आता अनुदानाची गोष्ट. जुन्या वास्तूंची दुरुस्ती आणि त्यातून विद्यार्थ्यांचं शिक्षण, या दोन्हींसाठी एकत्र पैसे देणाऱ्या काही विश्वस्त संस्था मोठ्या शहरांत असतात. आमच्यासारख्या कॉलेजला त्यांची नावंही उशिरा कळतात. सर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे अर्ज करत आणि वर्षानुवर्षं नकार येत. त्याचं कारण सरांखेरीज सगळ्यांना माहीत होतं. अशा अर्जात 'जोखीम' म्हणून एक छोटा रकाना असतो. तिथे लोक एखादी ओळ लिहितात, 'योग्य ती काळजी घेतली जाईल' अशा छापाची. सरांना तिथे पुरवण्या लागायच्या. पाऊस, उंदीर, पिंपळाची मुळं, घमेलं उचलताना पोरांच्या पाठीला लागणारा झटका, विंचू. पैसे देणारा माणूस ते वाचूनच दचकायचा.

शेवटच्या खेपेला अर्ज मी लिहिला. विषय होता अंबडच्या पुढे एका गावातली बारव. खोल, दगडी, चारही बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी. तळाशी कोनाड्यात साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता, त्यांची ओटी भरायला बाया उतरतात. उत्तरेच्या भिंतीला पोट आलेलं, म्हणजे मधले दगड बाहेर फुगलेले. आमच्या पोरांना चुन्याचं काम, दगडाची जुळणी हाताने शिकायला याहून चांगली शाळा नव्हती. आणि भिंत पावसाळ्याच्या आत सावरली नाही, तर मागून मुरणारं पाणी तिला ढकलणार हेही उघड होतं.

ते माझ्या वडिलांचं मूळ गाव. घरी विषय काढला तेव्हा वडील म्हणाले, "ज्या पाण्याला तुझ्या आज्याला हात लावू दिला न्हाई, त्याची भिंत तू वाचवून राह्यला?" मी ते जसंच्या तसं सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ते अर्जात लिही. ते बी शिकवायचं हाये पोरांना. भिंत गेली का लोक म्हणतील, असं काही नव्हतंच इथं." मी ते लिहिलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सरांना एकदा जेवायला बोलाव.

या वेळी उत्तर आलं. विश्वस्त संस्थेला काम आवडलं होतं. त्यांचे लोक मार्चच्या आत पाहणीला येणार होते. फक्त अट एक. विद्यार्थी तिथे काम करणार, म्हणून पाहणीच्या दिवशी भिंत स्थिर असली पाहिजे. हलती भिंत असेल तर पैसे नाहीत, कारण हलत्या भिंतीखाली पोरं उभी करता येत नाहीत. अट वाजवी होती, म्हणूनच तिची जास्त धास्ती वाटत होती.

सरांनी फुगवट्याशेजारच्या तड्यावर काच लावली. ती पाहणीपर्यंत टिकली तर पैसे येणार, काम होणार, पोरांना शिकायला मिळणार. माझी नोकरीही त्यातच अडकली होती. प्रकल्पावर पूर्ण पगाराची जागा मला मिळणार होती, लग्न ठरलं होतं, आणि तासिकेच्या पैशांत घर चालत नाही हे सासऱ्यांना हळूहळू कळू लागलं होतं. इतक्या लोकांचं भवितव्य बोटभर रुंद काचेवर टांगलेलं, आणि ती काच अंबडच्या पुढे, माझ्या नजरेआड.

बारवेला लागूनच एका मावशींचं घर होतं. साती आसरांची दिवाबत्ती त्याच करत. सरांनी त्यांना विनंती केली, "मावशी, रोज सकाळी दिवा लावता तवा तेवढी काच बघत जा. शाबूत असली का मला मिस कॉल द्या." झालं. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजचा दिवस मावशींच्या मिस कॉलने उगवायला लागला. सर फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. फोन वाजून बंद झाला की एक सुस्कारा, मग चहा. एकदा मावशींच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं. त्या दिवशी सर तास अर्धा सोडून एसटी स्टँडवर गेले आणि मी त्यांच्या मागे. काच शाबूत होती. मावशींनी आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि हसून म्हणाल्या, "एवढं तर मी माझ्या लेकीच्या बाळंतपणात बी भ्याले न्हाई, सर."

संक्रांत गेली, शिवरात्र गेली. मिस कॉल बराबर येत राहिला. मीसुद्धा हळूहळू होणाऱ्या बायकोशी भाड्याच्या घराबद्दल बोलायला लागलो.

पाहणीला एक वयस्क बाई आल्या, स्वतः आर्किटेक्ट, पायात साधे कापडी बूट, आणि त्यांच्यासोबत फोटो काढणारा एक तरुण. आमच्या संस्थेचे सचिव शाल-श्रीफळ घेऊन गावच्या वेशीपर्यंत सामोरे गेले. गावानेही बारव झाडून काढली होती, पायऱ्यांवर रांगोळी होती. सरांनी ती रांगोळी बघूनच कपाळाला आठ्या घातल्या, पाय घसरेल म्हणून.

मॅडम उतरल्या, भिंत पाहिली, फुगवट्यावरून हात फिरवला आणि काचेशी थांबल्या. "वा! टेलटेल लावलीय तुम्ही, भिंतीची चुगली करणारी काच. हल्ली कुणी लावत नाही. अखंड आहे. म्हणजे हालचाल नाही."

"बिलकुल न्हाई!" सचिव म्हणाले. "सर जातीनं लक्ष ठेवून असतात."

मॅडमनी मान हलवली, तरुणाने फोटो घेतला. मला वाटलं, झालं. आणि तेवढ्यात सर काचेपाशी वाकले. मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सरांची काच चुन्यात बसवलेली होती. पांढऱ्या चुन्यात. ही काच करड्या सिमेंटात होती.

मी मनात म्हटलं, सरांना दिसू नये. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, उन्हाची तिरीप आहे, दिसणार नाही. सर बराच वेळ वाकलेलेच राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदा वळून पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, माझं लग्न, माझी जागा, सगळं. मग ते सरळ उभे राहिले.

"मॅडम, ही काच माझी न्हाई."

सचिव हसले. "सर गंमत करून राह्यले."

"गंमत न्हाई. कुणीतरी बदललीय. आधीची कुठंय?"

गावातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मावशी पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, जरा अभिमानच होता. "म्या बदलली, सर. एका सकाळी बघते तर काच तडकलेली. म्हणलं, नातवानं बॉल मारला असंल, सर काय म्हणतील! अंबडला फोटो फ्रेमवाल्याकडून बराबर त्याच मापाची कापून आणली. गवंड्याकडून बसवून घेतली. दिसते का काही फरक?"

"कधीची गोष्ट, मावशी?"

"शिवरात्रीच्या आधीची."

"आन मिस कॉल?"

"काच तर शाबूतच हुती की!" मावशी म्हणाल्या. "आन पाव्हणे येणार म्हणल्यावर तुटकी काच कशी दाखवावी? घरी पाव्हणा आला तर तडकलेल्या कपात चहा देतं का कुणी?"

मॅडमनी मावशींचा हात हातात घेतला. मग सरांना म्हणाल्या, "बॉलनेही तुटली असेल, सर."

त्यांनी दार उघडून दिलं होतं. सरांनी फक्त हो म्हणायचं होतं.

"असंल बी," सर म्हणाले. "पण मला म्हाईत न्हाई. आन म्हाईत नसताना मी पोरं उभी न्हाई करणार."

"मला हे अहवालात लिहावं लागेल."

"लिहा."

परत जाताना सचिवांनी आम्हाला गाडीत घेतलं नाही. मावशी दारात रडत होत्या. "माझ्यामुळं गेलं का हो, सर?" सर म्हणाले, "न्हाई मावशी, तुम्ही पाव्हण्यांसाठी केलं," आणि त्यांच्या ओसरीवर बसून पाणी मागितलं. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की पाणीही घेतलं नाही. एसटीत वेगळ्या बाकावर बसलो. घाबरट माणसाने एवढं धाडस दाखवावं आणि तेही माझ्या पोटावर पाय देऊन, असं मला वाटत होतं.

आठवड्याभरात नकार आला. प्रकल्प बंद. मी तासिकेवरच राहिलो. लग्न झालं, पण सासऱ्यांच्या बोलण्यात 'आमचे जावई' यानंतर एक छोटा खोकला यायला लागला.

सर मात्र थांबले नाहीत. स्लॅब टाकणाऱ्या कंत्राटदारांच्या दारोदार फिरून त्यांनी टेकू मागितले. पावसाळ्याच्या तोंडावर कोण देणार? थोडे मिळाले, ते लावले. मग ग्रामपंचायतीच्या मागे लागून उत्तरेच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतलं. बायांनी शिव्या दिल्या, ओटी भरायला लांबून वळसा पडतो म्हणून. पोरांनी कुंपणातून वाट पाडली, सरांनी ती पुन्हा बुजवली. गावात त्यांचं नाव 'काटेवाले सर' पडलं.

भिंत श्रावणात पडली. भरदुपारी, संततधार चालू असताना. मावशी म्हणाल्या, आधी आभाळ गरजल्यासारखं वाटलं. सगळी उत्तर बाजू टेकूंसकट तळाशी गेली. काटे होते म्हणून खाली कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सर थोर झाले. जे हसत होते तेच आता म्हणायला लागले, सरांना आधीच कळलं होतं. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. टपरीवाल्याने चहाचे पैसे घ्यायचं बंद केलं. आणि मग विश्वस्त संस्थेकडून मॅडमचाच फोन आला. पडलेल्या भिंतीला आता पडण्याची भीती नाही. पाऊस उघडला, बाकीच्या बाजू तपासल्या की विद्यार्थी दगड मोजू शकतील, जुळवू शकतील, पुन्हा रचू शकतील. संस्थेने अनुदान मंजूर केलं होतं. प्रकल्पावरची जागाही मला मिळाली. बातमी ऐकली तेव्हा मी आनंदाने नाचलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

सचिवांनी कॉलेजच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. गावातून माणसं आली, मावशी पहिल्या रांगेत होत्या, त्यांच्या शेजारी माझे वडील. सचिवांनी भाषणात सरांना द्रष्टे म्हटलं, अनुदान मिळाल्याचं जाहीर केलं, शाल पांघरली. मोठ्या टाळ्या पडल्या. सरांना बोलायचा आग्रह झाला. ते माइकपाशी आले आणि शाल खांद्यावरून सारखी घसरत असल्यामुळे एका हाताने ती धरून उभे राहिले.

"जल्मभर मी भिंतींना भीत आलो," ते म्हणाले. "जेवढ्या भिंतींची भीती घातली, त्यातल्या जवळपास सगळ्या उभ्या हायेत. लोक हसतात मला. म्हणतात, म्हातारा उगाच भिववतो. मला ते हसणं लई आवडतं. कुणी हसलं का मला वाटतं, चला, हे घर बी राह्यलं." त्यांनी घसरलेली शाल पुन्हा वर ओढली. "ह्या भिंतीबद्दल बी मला तसंच हसून घ्यायचं होतं. रोज तेवढंच मागत होतो. ती एकटी माझ्या म्हणण्याबराबर वागली, आन तुम्ही शाल आणली."

एवढं म्हणून ते माइकपासून मागे झाले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. सचिव माइककडे सरकले. सर पायऱ्या उतरून खाली आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, जागेबद्दल अभिनंदन करतील. त्यांनी शाल माझ्या हातात दिली आणि मला एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी गप बसलो असतो तर काम उन्हाळ्यातच सुरू झालं असतं. भिंत वाचली बी असती, का रे?"

ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आणि मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.